ड्रायव्हरच्या बाजूचा

पूल उतरून वळताना खड्डा लागला. मे महिन्यात आमच्या उलानबातरच्या रस्त्यांवर खड्ड्याचं कुणाला नवल नाही. हिवाळाभर गोठलेली जमीन सुटते आणि डांबर जागोजागी खचतं. गाडी मागून उसळली, बसली, पुन्हा उसळली. नानसलमा माझ्या डावीकडे बसून फोनवर बहिणीने पाठवलेले फोटो बघत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ड्रायव्हरच्या बाजूचा मागचा शॉकअप गेला," आणि तिने पुढचा फोटो सरकवला.

चहात मीठ कमी पडलंय, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं. कुठेतरी मला ते लागलं. आमच्या लग्नाला तीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत या बाईने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे हे तिला दर वेळी सांगावं लागतं. गाडी तिच्या लेखी बसायची आणि उतरायची गोष्ट. मग हिला शॉकअप कसा कळला? बरं, कळला तो कळला, मागचा की पुढचा, या बाजूचा की त्या बाजूचा, हेही कळलं, आणि तेही फोनमधून डोकं वर न काढता. हे कुणीतरी शिकवल्याशिवाय येत नाही. कुणाच्या तरी शेजारी वर्षानुवर्षं बसल्याशिवाय येत नाही. तिला तिच्या जनावरांच्या दवाखान्याशी सोडलं, माझ्या दवाखान्यात आलो, पहिल्या पेशंटच्या तोंडात आरसा घातला आणि त्याच्या किडलेल्या दाढेकडे बघत मी मनात नाव घेतलं: चोइजिल. जीभ दुखऱ्या दातावरच जाते, हे मी पेशंटला दिवसातून दहा वेळा सांगतो.

दुपारी मी अंगणात जाऊन गाडीखाली वाकलो. आमची गाडी जपानी, स्टिअरिंग उजवीकडे. शहरातल्या निम्म्या गाड्या तशाच आहेत. रस्त्याच्या उजव्या अंगाने जायचं आणि बसायचंही उजवीकडे, गटाराच्या काठाला. म्हणजे ड्रायव्हरची बाजू उजवी. उजवा मागचा शॉकअप मी रुमालाने पुसून पाहिला. कोरडा ठणठणीत. मला इतका आनंद झाला की अंगावरची धूळसुद्धा मी झटकली नाही. काही कळत नाही हिला! उगाच बोलायचं म्हणून बोलली. संध्याकाळी मी शीळ घालतच यादमच्या वाड्यात गाडी घेऊन गेलो. यादम माझा जुना पेशंट. त्याच्या तोंडातली निम्मी बत्तीशी मी बसवलेली आहे आणि माझ्या गाडीतलं निम्मं सामान त्याने. त्याने गाडीच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने अंग टाकलं आणि सोडलं. तीन कोपरे एकदा वर येऊन थांबले. चौथा मात्र, मान हलवून नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, हलतच राहिला.

"हा मेला," यादम म्हणाला. "तेल गळून वर धूळ बसलीय. कितीक दिवस झाले असतील. डॉक्टर, तुम्हाला कळलं नाही?"

तो डावा मागचा होता.

मी म्हणालो, "बायको म्हणत होती ड्रायव्हरच्या बाजूचा."

"चुकल्या ताई. पण मागचा ओळखला म्हणजे कमालच की. बायका बाजू चुकतातच."

माझी बायको बाजू चुकत नाही. मानेच्या डाव्या अंगाला सुई टोचायची की उजव्या, यावर तिचं पोट चाललेलं आहे. अंधारात, हिमवादळात, लाथा झाडणाऱ्या उंटाला तिने टोचलेलं आहे. ती चुकली नव्हती. डावा मागचा गेला होता, तिने डावाच सांगितला होता. तिच्या लेखी ड्रायव्हर डावीकडे बसतो, एवढंच. ज्या गाडीत ती बसलेली होती, त्या गाडीत. मी तिच्या उजव्या हाताला एवढी वर्षं गाडी चालवत आलो, मुलीच्या शाळेला, सासऱ्यांच्या मयताला, दर उन्हाळ्यात डोंगरात, आणि तिच्या डोक्यात मात्र स्टिअरिंग डावीकडेच राहिलं. मग उजवीकडे कोण बसलेलं असतं? कुणी नाही. एखादं पोतं असेल.

ती डावी बाजू कुणाची ते मला माहीत होतं. लग्नाआधी ती गोबीतल्या एका जिल्ह्याच्या गावात लसीकरणाची डॉक्टर होती आणि तिच्याबरोबर सात वर्षं एकच ड्रायव्हर होता. गाडी रशियन, तिला आम्ही सगळे नुसतं एकोणसत्तर म्हणतो, आणि एकोणसत्तरचं स्टिअरिंग डावीकडे. चोइजिलला मी प्रथम पाहिलं ते शहरात परतताना. मी तिथे शाळेतल्या पोरांचे दात तपासायला पाठवलेला नवशिका होतो, नानसलमा शहरात कसल्याशा अभ्यासक्रमाला निघालेली होती, आणि वाहन एकच होतं. ती पुढे बसली. मला मागे बसवलं, तिची ट्रंक, दुधाचा कॅन आणि अर्ध्या बकऱ्याबरोबर. ऊन बॉनेटवर चमकत होतं आणि माझ्यासमोर दिवसभर दोन डोकी होती. गाडी हलली की दोन्ही माना एकदम हलायच्या, एकदम थांबायच्या. ती दोघं बोलतही नव्हती फारशी. बोलली असती तर बरं झालं असतं. बोलणाऱ्या माणसांमध्ये काहीतरी अंतर असतं. चोइजिल एका बोटाने गाडी चालवायचा. खड्डा यायच्या आधी तो नुसतं "हं" म्हणायचा आणि ती समोरच्या दांड्याला धरायची. मला मागे कुणी "हं" म्हणत नव्हतं. माझं डोकं छताला लागायचं, मग ती मागे वळून हसायची आणि मी "काही नाही, काही नाही" म्हणायचो. मी तेव्हाच तिच्यावर जीव टाकलेला होता. त्या "हं"वर मी आजही जळतो. नवरा बायकोला म्हणेल तसा तो हुंकार होता, आणि तो नवरा मी नव्हतो.

एक सूड मात्र मला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चोइजिलचा गाल कणकेच्या गोळ्यासारखा सुजला. खालची उजवी दाढ. त्याला दगडावर बसवून, भुलीची, गुंगी आणणारी दोन इंजेक्शनं देऊन मी ती काढली. नानसलमाने त्याचं डोकं मागून आपल्या पोटाशी घट्ट धरलेलं होतं, आणि माझं सगळं बळ त्या दृश्यातून आलं असावं. दाढ सुटताना जो करकर आवाज येतो तो मी नंतर हजारो वेळा ऐकला, पण तेवढा गोड पुन्हा नाही. त्यानंतर आठवतं ते एकदम शहराच्या नाक्यावरचं: गालाला तिचा निळा रुमाल बांधलेला चोइजिल तिची ट्रंक उतरवतोय आणि ती त्याला काहीतरी सांगतेय, आणि तो, तसल्या गालाने, हसतोय. रुमाल त्याने परत दिला नाही. मी लक्ष ठेवून होतो.

आणि पुढच्या महिन्यात आम्हाला जायचं होतं ते त्याच्याकडेच. नातवाचं जावळ होतं. फोन नानसलमाला आला होता, ती खिडकीशी उभी राहून बराच वेळ "हो, हो" करत हसत होती, आणि फोन ठेवून तिने मला सांगितलं, "चोइजिलच्या नातवाचे केस कापायचेत. आपल्याला बोलावलंय. तुला आठवण करून विचारलंन." तिसावं वर्ष लागलं तरी ही बाई गोबीत परत गेली नव्हती. मीच काही ना काही कारण काढत आलो होतो. कधी मुलीची परीक्षा, कधी माझा दवाखाना, कधी गाडी बरी नाही. आता मुलगी मोठी झालेली, दवाखान्यात हाताखाली माणूस, उरली गाडी. तीही मीच बरी करायची होती. ज्याच्या अंगणात जाऊ नये असं वाटतं त्याच्या अंगणात बायकोला सुखाने पोचवायला कुठला शॉकअप चांगला, हे मी ठरवायचं होतं.

"एक बदलू नका," यादमने बजावलं होतं. "जोडीनेच बदलायचे. एक नवा, एक जुना लावलात तर गाडी तिरकी पळते."

शनिवारी मी सुट्या भागांच्या बाजारात गेलो. कंटेनरांच्या रांगा, मध्ये चिखल, कुठेतरी कुणीतरी हुशूर तळत होतं आणि त्या मटणाच्या तळणाच्या वासात ग्रीसचा वास मिसळला होता. दुलमाचा कंटेनर शेवटच्या ओळीत आहे. बाई साठीची, पोटापर्यंत मळकं जाकीट, डोळे बारीक. तिने माझ्यापुढे दोन जोड्या मांडल्या. एक पांढरी, तेलाची. एक पिवळी, वायूची, माझ्या दंडाएवढी जाड. पांढरा तिने जमिनीवर उभा धरला आणि म्हणाली, "टाका वजन." मी टाकलं. तो सावकाश खाली गेला आणि सोडल्यावर सावकाश वर आला, जांभई दिल्यासारखा. पिवळ्यावर मी ओणवा झालो तरी तो हलेना, आणि थोडा हलला तो मलाच वर ढकलायला.

"कोण कोण जाणार?" दुलमाने विचारलं.

"आम्ही दोघं."

"माल?"

"माल कसला. पोराच्या जावळाला लाकडी घोडा."

"मग पांढरा घ्या. पिवळा पाण्याचे पिंप नेणाऱ्यांना. रिकाम्या गाडीला पिवळा लावलात तर पोटातल्या चहातलं दूध वेगळं होईल."

"गोबीचा रस्ता आहे," मी म्हणालो. "सगळा पन्हाळी पत्रा. तेलाचा तापतो, तापला की नुसती नळी उरते."

"तुम्ही काय शर्यतीला निघालात? तापला तर थांबा, चहा प्या. तोही निवेल, तुम्हीही निवाल." मग ती माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "आमच्या ताईंची कंबर दुखते ना? गेल्या खेपेला त्या बाहेर उभ्याच होत्या, बसवेना म्हणून."

"कंबर तिची. गाडी माझी."

"ही भाषा पिवळ्याचीच," दुलमा म्हणाली आणि पिवळी जोडी बांधायला लागली.

मी काय करतो आहे हे मला कळत होतं. न कळण्याइतका मी भोळा नाही. पांढरा हातात धरला तेव्हा मला दिसलं होतं: गाडी माळावरून तरंगत चालली आहे, नानसलमा खिडकीतून आपली जुनी विहीर, आपला जुना डोंगर ओळखत आहे, तिची कंबर दुखत नाही, ती गुणगुणते आहे आणि वाट संपते तिथे तंबूच्या दारात एक म्हातारा डाव्या हाताने डोळ्यांवर सावली धरून उभा आहे. पिवळा हातात धरला तेव्हा दिसलं: पहिल्या दिवसाची दुपार, ती कंबरेला हात लावून म्हणते आहे, "लुव्सान, माझ्याने होत नाही, परत फिर." आणि मी, किती समजूतदार, तिच्या पाठीमागे उशी सारतो, गाडी वळवतो, चोइजिलला फोन लावून स्वतः दिलगिरी सांगतो. लाकडी घोडा कुणाच्या तरी हाती पाठवून देतो. असा बेत मी शुद्धीत, दिवसाउजेडी, हुशूर खात केला. चौतीस वर्षं लोकांच्या दुखण्यावर पोट भरणारा मी माणूस. दुखणं कुठे आणि किती द्यायचं हे मला बरोबर जमतं.

यादमने पिवळी जोडी पाहून भुवया उंचावल्या, पण पैसे माझे होते. दुपारपर्यंत दोन्ही बसले. गाडी मागून दोन बोटं उंच दिसायला लागली. वाड्यातून बाहेर पडताना नाल्याच्या झाकणावरून चाक गेलं आणि माझे दात एकमेकांवर आपटले. बरं वाटलं.

नानसलमाला मी तिच्या दवाखान्याच्या दारातून घेतलं. तिच्या अंगाला मेंढ्यांचा आणि जंतुनाशकाचा वास येत होता. ती डावीकडे बसली, पट्टा लावला. आम्ही पुलाकडे निघालो. परवाचा खड्डा मी चुकवला नाही. मुद्दाम चुकवला नाही असं म्हटलं पाहिजे. गाडी या वेळी उसळली नाही, सरळ आतून ठोसा बसला. नानसलमाने नुसता एक हात मागे कंबरेशी नेला.

"कडक घेतलेस," ती म्हणाली.

"गोबीला कडकच लागतात."

"कुणी सांगितलं?"

"चोइजिलला विचारायला हवं होतं, नाही? त्याने मऊ घेतले असते. त्याला तुझी कंबर ठाऊक."

बोलून गेलो. बाहेर बसवाले भोंगे वाजवत होते. ती माझ्याकडे वळली. मी समोर बघत राहिलो, पण माझा डावा कान तापलेला मला कळत होता.

"चोइजिलचं काय मध्येच?"

"ड्रायव्हरच्या बाजूचा," मी म्हणालो. "तू म्हणालीस ड्रायव्हरच्या बाजूचा गेला. गेला होता डावा. इथे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, नानसलमा. तीस वर्षं उजवीकडे बसतोय. तुझा ड्रायव्हर अजून डावीकडेच आहे."

मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, आणि मला खोटं सांगायचं नाही, त्यातही थोडं बरं वाटलं. पण ती हसत होती.

"हो, डावीकडेच आहे," ती म्हणाली. "चोइजिल नाही रे. चोइजिलला मी कधी ड्रायव्हर म्हटलं? त्याला चोइदादा म्हणायचे. ड्रायव्हर तुला म्हणत होते."

"मला?"

"त्याची दाढ काढलीस ना तू?"

"काढली."

"दोन सुया टोचल्यास. एक पुरली असती, पण तू दोन टोचल्यास. तो मागे बकऱ्यावर डोकं ठेवून दिवसभर मेल्यासारखा पडला होता. मग गाडी काय उंटाने ओढत आणली?"

मी गाडी बाजूला घेतली. मागच्याने शिवी दिली आणि तो निघून गेला. आणि तेव्हा, आधी डोक्यात नाही, हातात, मला काहीतरी आठवलं. बारीक, काळं, घामाने निसटणारं एक चाक. एकोणसत्तरचं स्टिअरिंग. ते उजवीकडे ओढलं की गाडी जरा विचार करून मग वळायची. गिअरचा दांडा गुडघ्याला लागून लागून तिथे निळं झालं होतं, तो डाग मी पुढे आठवडाभर बाळगला आणि कशाचा ते कधीच विसरलो. शहरातला पोरगा मी, आयुष्यात फक्त बापाचा ट्रक आवारात मागेपुढे केलेला. समोर चाकांच्या सात वाटा फुटलेल्या आणि प्रत्येक वेळी मी नेमकी वाईट ती धरत होतो. जमिनीवरून नजर उचलायची छाती नव्हती. खड्डा यायच्या आधी "हं" म्हणायला तो मला आधी दिसायला तर हवा! तिचं डोकं छताला लागत होतं, आणि ती ओरडत होती, "ड्रायव्हर, हळू! ड्रायव्हर, तो दगड आहे, शेळी नाही, तो बाजूला होणार नाही!" दिवसभर. शहराच्या अलीकडे चोइजिल उठला, त्याने दोन बोटांनी मला बाजूला सारलं आणि शेवटचं तेवढं एका बोटाने चालवलं. त्या तेवढ्याने बाकीचा दिवस पुसला गेला. त्या दुसऱ्या दिवशी दोन माना एकत्र हलताना मी पाहिल्या नाहीत, कारण त्यांतली एक माझी होती. मला जे दिसलं तेवढंच मी तीस वर्षं उगाळत बसलो होतो.

"सात वर्षं चोइदादाच्या शेजारी बसले, कधी भीती वाटली नाही," ती म्हणाली. "तुझ्या शेजारी दिवसभर जीव मुठीत. तेव्हाच म्हटलं, यातून वाचले तर याच्याशीच लग्न करीन. एकटा सोडण्यासारखा नाही हा."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू होतास ना तिथे. तुला काय सांगायचं?"

तिने हात अजून कंबरेवरच ठेवला होता. मी तो बघितला. पिवळ्या शॉकअपबद्दल तिला खरं काय ते सांगावं असं वाटलं, आणि तोंड उघडलंही. पण त्यात सांगण्यासारखं जे होतं ते इतकं हलकट होतं की भुलीशिवाय निघणारं नव्हतं. मी गाडी वळवली.

"कुठे चाललास? घर तिकडे."

"यादमकडे. तो बंद करायच्या आत. हे काढून मऊ लावायला सांगतो."

"सकाळी का नाही घेतलेस?"

"विसरलो होतो."

"नेहमीचंच," ती म्हणाली आणि फोन काढून परत फोटो बघायला लागली.

जळफळाट संपला असं मात्र नाही. स्वभावाला औषध नाही. आता मला त्या पोराचा हेवा वाटत होता. बारीक चाक घामेजल्या हातांनी धरलेला, गुडघा निळा झालेला, डावीकडे बसलेला तो सत्तावीस वर्षांचा मूर्ख. त्याच्या शेजारी ती अजून बसलेली होती आणि हसत होती. त्याला तिने वाचवायचं ठरवलं होतं. त्याच्या हातून असे शॉकअप कधी घेतले गेले नसते. त्याला कडक-मऊ यातला फरकच ठाऊक नव्हता. मी आरशात पाहिलं, पिकलेल्या मिशा, पाणावल्यासारखे डोळे. दाढ उपटावी तसा त्याला काढता आला असता तर मी त्या क्षणी काढला असता.

पूल पुन्हा आला. परवाचा, मघाचा आणि आत्ताचा तोच खड्डा या बाजूने आणखी रुंद दिसत होता, त्यात वितळलेलं पाणी साचलेलं होतं आणि पाण्यात आभाळ होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा, जरा लाजतच, म्हणालो, "हं."

नानसलमाने फोटोवरून नजर न काढता समोरच्या दांड्याला धरलं.

"ड्रायव्हर, हळू," ती म्हणाली.

त्या पोराला म्हणाली की मला, ते मी विचारलं नाही. मी ब्रेकवर पाय ठेवला.